टीएएस२आर३८ की टीएएस२आर१४: औषधासाठी कोणता कडू ग्राही निवडावा?

कडू ग्राही म्हणजे पेशींवरची, कडू रेणू ओळखणारी प्रथिनं; ती जिभेबाहेरही असतात. टीएएस२आर३८चं (जनुक गुणसूत्र ७वर) बळ म्हणजे त्याचं काम स्पष्ट आहे. नाकाच्या अस्तरातल्या पेशींवर तो स्यूडोमोनास जिवाणूचे संदेशरेणू ओळखतो. नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पक्ष्माभिकांची (पेशींवरच्या सूक्ष्म केसांची) हालचाल वाढते, जिवाणू मरतात. अडचण जनुकातच आहे. ४९, २६२ आणि २९६ या स्थानांवरच्या अमिनो आम्लांनुसार पीएव्ही आणि एव्हीआय असे दोन मुख्य प्रकार पडतात. जनुकाच्या दोन्ही प्रती एव्हीआय असतील, तर पीटीसीसारखा (एरवी या ग्राहीला चेतवणारा) कडू रेणू जवळजवळ निष्प्रभ ठरतो. म्हणून रुग्णांचा जनुकप्रकार आधी तपासायलाच हवा, नाहीतर चांगलं औषधही सरासरीत हरवतं.

टीएएस२आर१४ (जनुक गुणसूत्र १२वर) शंभराहून अधिक रेणूंना प्रतिसाद देतो आणि श्वासनलिकेचे स्नायू सैल करतो. हीच उदारता त्रासदायक: त्याचा जोरदार उद्दीपक (चेतवणारा रेणू) फ्लुफेनामिक आम्ल सायक्लोऑक्सिजनेज हे दाहाशी निगडित विकरही रोखतो. २०२४ मध्ये क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने) टिपलेली त्याची रचना प्रसिद्ध झाल्याने निवडक रेणू घडवायला मोठा आधार मिळाला. ग्राहीच्या खोबणीत चक्क कोलेस्टेरॉल बसलेलं दिसलं!

दम्यासाठी आमची पसंती १४ला, सायनससाठी ३८ला. मात्र दोन्हींच्या कॅल्शियम चाचणीत (ग्राही चेतला की पेशीत वाढणारं कॅल्शियम चमकणाऱ्या रंगाने मोजतात) ग्राही नसलेल्या पेशी तुलनेला ठेवाच. काही कडू रेणू स्वतःच चमकतात किंवा दुसऱ्याच मार्गाने कॅल्शियम वाढवतात, आणि खोटा प्रतिसाद खरा वाटतो.