दारव्ह्यातील लेडीज जीन्स शिवणारे दुकान: खिसा खोल, वायदा कच्चा

दारव्ह्याच्या बाजारात पुरुषांच्या पॅन्ट शिवणारे टेलर पुष्कळ आहेत. बाईच्या मापाची जीन्स शिवून देणारे दुकान मला मात्र हे एकच सापडले. तयार जीन्स कंबरेला बसली तर मांडीला अडते आणि मांडीला बसली तर कंबरेला सैल राहते, म्हणून इकडच्या अनेक जणी शेवटी लेगिंगवरच भागवतात. येथे माप टेलरकाकाजींच्या पत्नी पडद्याआड घेतात, तेही उभे राहून आणि बसून असे दोन्ही. गिऱ्हाइकांत स्कूटीवरून कॉलेजात जाणाऱ्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली बऱ्याच असल्यामुळे ते योग्यच आहे.

काकाजींचा हात जीन्सवर बसला तो ‘रफ अँड टफ’मुळे. अरविंद मिल्सने १९९५ मध्ये कापड, चेन, रिव्हेट (शिवण उसवू नये म्हणून ठोकायची धातूची छोटी बटणे) आणि लेबल एकत्र घालून न शिवलेल्या जीन्सचे पाकीट बाजारात आणले आणि गावोगावच्या शिंप्यांकडे हे काम आले. ती शिलाई तेव्हा पुरुषांच्याच जीन्सची होती.

या दुकानाची खरी खुबी खिसा आहे. कंपनीच्या लेडीज जीन्सला पुष्कळदा नुसता देखाव्याचा किंवा बोटभर खोलीचा खिसा असतो. येथे मोबाइल पूर्ण मावतो आणि खिशाच्या कोपऱ्यांना रिव्हेट ठोकलेले असतात. मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणून जेकब डेव्हिस आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी याच रिव्हेटचे पेटंट १८७३ मध्ये अमेरिकेत घेतले. स्ट्रॉस यांच्या कंपनीची खास स्त्रियांसाठीची जीन्स मात्र १९३४ मध्ये आली. फ्रान्सने तर पॅरिसमधील स्त्रियांना पॅन्टसाठी पोलिसांची परवानगी घ्यायला लावणारा १८०० सालचा हुकूम रद्दबातल असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. त्यामुळे बाईच्या जीन्सला ‘ही विलायती थेरं’ म्हणणाऱ्यांनी विलायतेतही हा कपडा बाईला सुखासुखी मिळाला नव्हता, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे काष्ट्याचे लुगडे नेसून आज्यांनी निंदण केले, आणि कापूस वेचताना लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवणाऱ्या बाईला आजही कोणी हटकत नाही. हरकत निघते ती पॅन्टवरच, आणि तीही ती पॅन्ट शेतात नव्हे तर चौकात दिसली की. (मी शिक्षिका असल्याने शाळेत जीन्स घालू शकत नाही, २०२४ च्या शासन परिपत्रकाने शिक्षकांना ती वर्ज्य केली आहे. माझी जीन्स रविवारची.)

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लग्नसराईत वायदा हमखास चुकतो. कपडा घालून पाहायला वेगळी खोली नाही, त्यामुळे फिटिंग घरी तपासून दुरुस्तीसाठी पुन्हा चक्कर मारावी लागते. दुरुस्तीचे पैसे मात्र घेत नाहीत. गडद निळ्या कापडाचा रंग पहिल्या काही धुण्यांत जातो, म्हणून ते उलटे करून वेगळे धुवावे. वैशाखातल्या उन्हात जाड डेनिम अंगावर सहन होत नाही. उन्हाळ्यासाठी त्यांच्याकडचे पातळ सुती कापड घ्यावे, ते दिसायलाही बरे आहे.

कापडासह शिलाई साधारण ९०० रुपयांपर्यंत जाते. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीत माप घाईघाईने घेतले जाते, म्हणून तो दिवस टाळावा. माप घेणाऱ्या काकू दुपारनंतरच दुकानात येतात.