दर योजना निवडताना वापराचा आकडा कुणाचा धरायचा?

विजेच्या दोन दर योजना समोर आहेत. एकीचा स्थिर आकार कमी, पण युनिटचा दर चढा. दुसरीचं नेमकं उलट. अशा वेळी बहुतेक जण दरांच्या तक्त्यात डोकं घालतात आणि ज्या आकड्याने ते दर गुणायचे, तो मात्र मिळेल तसा उचलतात. तो कधी तुलना करणाऱ्या संकेतस्थळाने आधीच भरून ठेवलेला असतो, कधी बिलाच्या कोपऱ्यात छापलेला, तर कधी उपकरणांची यादी करून घरीच मांडलेला. दर छापील असल्यामुळे तिथे सहसा घोळ होत नाही. घोळ होतो तो या गुणकात.

आधी एवढं तपासा की आकडा चुकला तर निवड बदलते का. चलन कोणतंही धरा. पहिल्या योजनेचा स्थिर आकार महिन्याला १८० आणि दर ८.५०, दुसरीचा ३०० आणि ७.००. स्थिर आकारातला फरक १२०, दरातला फरक १.५०. भागाकार केला की ८० युनिट येतात, म्हणजे वर्षाला ९६० युनिटांवर दोन्ही योजना सारख्या पडतात. तुमचा वापर हजाराच्या आसपास असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. कोणतीही घेतली तरी वर्षाला पन्नास-साठचाच फरक. पण संकेतस्थळ म्हणतं २,४०० आणि घराचा खरा वापर आहे ७००, तर चित्रच फिरतं. कागदावर दुसरी योजना २,१६० वाचवते, प्रत्यक्षात ती ३९० ने महाग पडते. टप्प्याटप्प्याने दर वाढत असतील तर हा हिशेब महिनावार करावा लागतो, कारण वर्षाच्या सरासरीत वरच्या टप्प्यात गेलेले महिने लपून जातात.

आता एकेक आकडा पाहू.

खोल्या किती, माणसं किती, घर बैठं की सदनिका, असं विचारून काढलेला आकडा सगळ्यात लवकर मिळतो. नव्या घरात राहायला गेलेल्या माणसाकडे दुसरं काही नसतंच, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तो अनेक घरांच्या वापरातून काढलेला मध्य आहे, आणि घरगुती वापर खोल्यांवर फारसा ठरतच नाही. पाणी विजेवर तापतं की गॅसवर, एसी किंवा हीटर किती तास चालतो, दिवसा घरी कुणी असतं का, या तीन प्रश्नांवर तो ठरतो. सारख्याच दोन खोल्यांच्या शेजारी-शेजारी घरांत दुप्पट-तिप्पट फरक सहज असतो. काही ठिकाणी याऐवजी ‘महिन्याला बिल किती येतं’ एवढंच विचारतात आणि त्यावरून उलटे युनिट काढतात. ही पद्धत त्याहून वाईट. बिलात स्थिर आकार असतो, कर असतो, मागची थकबाकी किंवा जमा रक्कम असते. दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची सोय घेतली असेल तर त्या रकमेचा त्या महिन्याच्या वापराशी संबंधही नसतो.

उपकरणांची बेरीज कष्टाची वाटते, म्हणून खरीही वाटते. तसं नाही. मागच्या पट्टीवर छापलेले वॅट हे बहुतेक वेळा कमाल असतात. फ्रीजवर १५० वॅट वाचून ते २४ तासांनी गुणले तर दिवसाला ३.६ युनिट येतात; पण कंप्रेसर साधारण एक तृतीयांश ते निम्मा वेळच चालतो, म्हणजे सव्वा ते पावणेदोन. वॉशिंग मशीनचे २,००० वॅट फक्त पाणी तापताना लागतात. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर बराच खाली येतो. उलट, यादीतून हमखास सुटतात त्या सतत चालू राहणाऱ्या बारीक गोष्टी: राउटर, सेट-टॉप बॉक्स, पाणी शुद्ध करणारं यंत्र, भिंतीत अडकवून ठेवलेले चार्जर. एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने गळकी अशी ही बेरीज कधी योगायोगाने जुळते, तेव्हा तिच्यावर जास्तच विश्वास बसतो.

या पद्धतीचा खरा उपयोग फरक काढायला. घरात नवं काही येणार असेल तर जुन्या वापरात तेवढीच भर घाला. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, गीझर १,००० वॅटचा असो की ३,०००. मोठा फक्त लवकर तापवतो. विजेवर चालणारी मोटारगाडी १०० किलोमीटरला १५ ते १८ युनिट खाते, वर चार्जिंगमधली गळती सुमारे दहा टक्के. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील तर १६५ ते २०० युनिटांची ही भर एकटीच योजना बदलायला लावू शकते.

तिसरा उमेदवार म्हणजे बिलावर छापलेला ‘वार्षिक वापर’. वरकरणी याच्याशी वाद घालायला जागा नाही, कारण तो तुमच्याच मीटरचा आहे. माझा कल मात्र इथूनच पालटला.

मीटर वाचायला कुणी आलं नाही, दार बंद होतं किंवा दूरस्थ नोंद पोहोचली नाही, तर बिल सरासरीवर निघतं. समजा मार्चअखेर मीटरवर प्रत्यक्षात १२,६४० होते आणि बिलात अंदाजाने १२,५०० लागले. वापरलेले १४० युनिट कागदावरून गायब. एप्रिलअखेर खरं रीडिंग घेतलं गेलं की तेच १४० एप्रिलच्या वापरात येऊन बसतात. वर्ष एप्रिल ते मार्च मोजलं तर पहिलं वर्ष १४० ने कमी दिसतं आणि दुसरं १४० ने जास्त. घरात काहीही बदललेलं नसताना दोन वर्षांत २८० युनिटांची ‘वाढ’. आणि तो सरासरीचा आकडा आला कुठून? आधीच्या वार्षिक वापरावरून. म्हणजे अंदाजावरून बिल, त्या बिलावरून वार्षिक वापर आणि त्या वार्षिक वापरावरून पुढचा अंदाज. आकडा स्वतःच स्वतःचा साक्षीदार होतो. घरात आधी राहणाऱ्यांचा वापर नव्या भाडेकरूच्या माथी वर्षभर बसतो, तोही याच वाटेने.

यात एक दिलासा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. वर्षाच्या मधल्या बिलांत कितीही अंदाज असले तरी बेरजेत ते एकमेकांना छेद देतात. हिशेब बिघडतो तो फक्त टोकांवर. सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोनच रीडिंग खरी असली की मधल्या सगळ्या बिलांकडे दुर्लक्ष करता येतं. (टप्प्यांचे दर असतील तर साठलेले युनिट एकाच महिन्यात येऊन वरच्या टप्प्यात ढकलले जातात, पण तो बिलाचा तंटा, वापराच्या आकड्याचा नाही.) अडचण इतकीच की बिलावरचा वार्षिक आकडा कोणत्या टोकांवरून काढला, हे छापलेलं नसतं आणि ती टोकं तुम्हाला निवडता येत नाहीत.

म्हणून घाई असेल तर छापील वार्षिक आकडा सोडा आणि जुनी बिलं काढा. ज्यांवर रीडिंग प्रत्यक्ष घेतल्याची नोंद आहे अशी दोन बिलं निवडा, ११ ते १३ महिन्यांच्या अंतराची. उदाहरणार्थ १०,८९० आणि १२,६४०, मध्ये ३४८ दिवस. फरक १,७५०, भागिले ३४८, गुणिले ३६५, उत्तर सुमारे १,८३५. हे दहा मिनिटांचं काम आहे. अंतर आठ-नऊ महिन्यांवर आलं तर मात्र ही रीत मोडते, कारण राहिलेल्या महिन्यांत नेमका कडक उन्हाळा किंवा कडाक्याची थंडी असू शकते. एका महिन्याच्या वापराला बारांनी गुणणं तर सोडूनच द्या. २१० युनिटांच्या उन्हाळी महिन्यावरून २,५२० चा आकडा निघतो, घराचा खरा वापर १,८०० च्या घरात असला तरी.

घाई नसेल त्याने स्वतःची नोंद ठेवावी, या मताकडे मी झुकतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरच्या पडद्याचा फोटो काढायचा, बस. फोटोला तारीख आपोआप असते आणि पुढे वाद झाला तर पुरावाही होतो. बारा महिन्यांसाठी तेरा रीडिंग लागतात. पहिलं धरायला विसरणारे बरेच आहेत. दशांशानंतरचा किंवा लाल चौकटीतला आकडा पूर्ण युनिटांत धरू नका, वापर दहापट दिसेल. पडद्यावर आकडे आळीपाळीने येत असतील तर १.८.० या खुणेपुढचा एकूण आयात वापर घ्या. छतावर सौर पॅनल असतील तर २.८.० म्हणजे बाहेर दिलेली वीज. ती आयातीत मिसळली की सगळा हिशेब वाया. मधे मीटर बदललं असेल तर जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्ही हवीत.

गॅसचा मीटर असेल तर एक जादा पायरी. तो घनफळ मोजतो, आणि दर युनिटांत, म्हणजे किलोवॅट-तासांत, असेल तर एका घनमीटर नैसर्गिक वायूचे साधारण साडेदहा ते अकरा युनिट होतात. नेमका गुणक बिलावर असतो. काही जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात. ते घनमीटर समजून वाचले तर वापर २.८३ पट कमी दिसतो, आणि ही चूक वर्षानुवर्षं लक्षात न येण्याइतकी निमूट असते.

नोंद वर्षाची होईपर्यंत निदान तळाचा वापर तरी कळून घ्या. रात्री ११ ला आणि सकाळी ६ ला, एसी-हीटर बंद असताना रीडिंग घ्या. सात तासांत ०.९ युनिट गेले तर सुमारे १३० वॅट सतत चालू आहेत, म्हणजे वर्षाला ११२५ च्या आसपास. कोणी ९०० चा अंदाज दाखवत असेल तर तो तिथेच बाद. पडद्यावर दशांश नसेल तर मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजा. त्यावर ३२०० ठोक्यांना एक युनिट असं लिहिलेलं असेल आणि ९ सेकंदांत १० ठोके पडले तर त्या क्षणी सव्वा किलोवॅट चालू आहेत.

स्मार्ट मीटरची अर्ध्या तासाची नोंद या सगळ्यांवर मात करते असं म्हणतात, आणि एका बाबतीत ते अगदी खरं आहे. वेळेनुसार दर असलेली योजना तपासायची तर वर्षाचा एकूण आकडा कुचकामी. स्वस्त तासांत किती टक्के पडतं तेच हवं. तिथे या नोंदीला तोड नाही. मात्र फाईल उतरवल्यावर आधी ओळी मोजा. दिवसाच्या ४८, वर्षाच्या १७,५२०. कमी असतील तर नोंद गाळलेली आहे, आणि सलग बऱ्याच ओळींत हुबेहूब तोच आकडा दिसला तर मोकळी जागा अंदाजाने भरलेली असण्याची शक्यता धरा. म्हणजे पुन्हा तेच दुखणं. फाईलची बेरीज आणि त्याच काळातल्या दोन फोटोंमधला फरक जुळला तर डोळे झाकून वापरा. दोन-तीन टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर एकूण वापर फोटोंचा घ्या आणि फाईलमधून फक्त तासांची टक्केवारी उचला.

स्मार्ट मीटर नसेल आणि वेळेनुसार दर खुणावत असतील, तर स्वस्त तास सुरू होताना आणि संपताना आठवडाभर रीडिंग घ्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत. मीटरचं घड्याळ पडद्यावर दिसतं, ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. ते अर्धा तास मागे असेल तर स्वस्त तास सुरू झाला समजून लावलेलं मशीन पहिला अर्धा तास महागड्या दरात फिरतं.