तुळया गेल्या, सागवान आलंच नाही

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सासरचं चिपळूणजवळचं जुनं घर उतरवायचं ठरलंय. म्हणाली, "एक माणूस आलाय, जुनं लाकूड नेतो म्हणतोय, बदल्यात नवी सागवानी दारं देतो." मी म्हटलं, त्याला आज काही कबूल करू नकोस, मी लिहून पाठवते. लिहायला बसले आणि हे एवढं झालं. म्हटलं, तिला पाठवायचंच आहे तर सगळ्यांनाच वाचू दे.

आमचं घर राजापूर तालुक्यात. आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती, वर कौलं. मी डोंबिवलीत, भाऊ बडोद्याला, गावी आई एकटी. २०२३ च्या पावसात मागच्या पडवीची भिंत बसली, तेव्हा आम्ही ठरवलं की चिऱ्याच्या भिंती घालून, वर लोखंडी चॅनेल आणि पत्रा टाकून घर एकदाचं पक्कं करायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत मी रजा टाकून गेले आणि चौथ्याच दिवशी असाच एक लाकूडवाला दारात उभा.

चोरटा वगैरे अजिबात दिसत नव्हता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. चपला अंगणात काढून आत आला, आईला वाकून नमस्कार केला, "काकी, चहा नको, तांब्याभर पाणी द्या" म्हणाला. वाडीतल्याच एकाने त्याला आमचा पत्ता दिला होता. त्या पत्त्याचे पैसे पोचले होते, हे पुढे कळलं.

घरभर फिरला. खांबांवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, माळ्यावर चढला. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून एका वाशाच्या टोकात खुपसला. भुसा गळला. "ताई, ह्यात आता राम नाही. सगळं पोखरलंय. तुमच्या डोक्यावर पडायच्या आधी उतरवा." त्या टोकावरचं कौल तीन पावसाळे फुटलेलं होतं, तिथे पाणी मुरत होतं, हे मला माहीत होतं. त्याने अख्ख्या घरात फक्त तेवढ्याच एका जागी खुपसून दाखवलं, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

मग सागवानाचं पुराण सुरू झालं. कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या, सागाच्या, बघितल्यात का? मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागाची लढाऊ नौका बांधली, ती ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात पाण्यावर तरंगतेय. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी तोंड लावत नाही. आणि हुकमाचा पत्ता शेवटी: अयोध्येच्या मंदिराच्या दारांना लाकूड आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं गेलं, बल्लारशाहून, "तोच माल मी तुम्हाला देणार." प्राणप्रतिष्ठा होऊन महिना झाला होता. आईने हात जोडले.

मी नंतर एकेक गोष्ट तपासली. सागाबद्दल तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता. कार्ल्याच्या कमानी खऱ्या, नौका खरी, मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून, म्हणजे बल्लारशाहूनच, अयोध्येला साग गेला तेही खरं. फक्त, त्याचा माल तो नव्हता. आणि मी, बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासलेली बाई, त्याचं सगळं खरं ऐकत बसले.

मी विचारलं, आमच्याच परसात साग आहेत, किंजळ आहे, तेच तोडून दारं केली तर? त्याने कान पकडले. "साग, किंजळ, ऐन, फणस, ही सगळी शेड्यूलची झाडं. हात लावलात तर फॉरेस्टवाले जीप घेऊन येतील." हेही अर्धं खरं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत ही झाडं आहेत. हिरडा, मोह, खैर, बिबळा, अंजन, जांभूळसुद्धा आहेत. पण त्याचा अर्थ एवढाच की तोडण्याआधी अर्ज करून परवानगी घ्यायची. आणि घरात असलेलं लाकूड रंधा मारून घरातच पुन्हा वापरायला कुणाची ना नव्हती. हे त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

व्यवहार असा ठरला: जुनं सगळं लाकूड उक्तं ४५ हजारांना त्याचं. नवीन तीन दारं, पाच खिडक्या, चौकटींसकट, २८ घनफूट बल्लारशा सागवान, घनफुटाला ३,८०० रुपये. म्हणजे १ लाख ६ हजार ४००. त्यातून ४५ हजार वजा, आम्ही ६१,४०० द्यायचे. कागदावर आकडेमोड करून त्याने कागद आईच्या हातात दिला. आईला वाटलं, पोखरलेल्या लाकडाचे ४५ हजार देतोय, देवमाणूस आहे.

'उक्तं' हा शब्द ऐकला की यापुढे माझे कान उभे राहतील. नवीन माल तो घनफुटावर मोजून देत होता आणि जुना न मोजता नेत होता. एकाच कागदावर. भाऊ मोजमापं घरबसल्या करू शकतो. त्याला मी नंतर जुने फोटो आणि आठवणीतली मापं पाठवली. सहा तुळया, प्रत्येकी १४ फूट, ९ बाय ७ इंच. फूट गुणिले इंच गुणिले इंच, भागिले १४४, की घनफूट येतात. एका तुळईत सहाच्या वर. सहा तुळया मिळून ३७. आठ खांब, ८ फुटी, ८ बाय ८, ते २८. चौकटी आणि माळ्याच्या जाड फळ्या धरून ७५ च्या आसपास, वासे सोडून. म्हणजे ऐंशी वर्षं वाळलेलं, पुढे तडकण्या-वाकण्याची धास्ती नसलेलं लाकूड आम्ही ६०० रुपये घनफुटाने दिलं. असं जुनं लाकूड मुंबई-पुण्यातले फर्निचरवाले आणि गोव्याकडचे रिसॉर्टवाले शोधत असतात.

उतरवायला तो सहा माणसं घेऊन आला. एक तुळई खाली घ्यायला चौघं लागत होते, दोरखंड लावून, "हळू, हळू" करत. ऐनाचं लाकूड घनफुटाला पंचवीस किलोच्या आसपास भरतं. सहा घनफूट म्हणजे दीडशे किलो. पोखरलेली तुळई चौघांना जड जाते का? मी अंगणात खुर्ची टाकून बघत होते आणि मजुरांना सरबत देत होते.

एक गोष्ट आईमुळे राहिली. माजघराचा उंबरठा शिसवाचा. काळा, मधोमध पाय पडून पडून खोलगट झालेला. तो काढायला लागले तेव्हा आई त्यावर बसली. "लक्ष्मी आल्येय ह्याच्यावरनं. हा नाय द्यायचा." त्याने बरीच गोडीगुलाबी केली, आणखी दोन हजार वाढवून देतो म्हणाला. उंबरठ्याचे दोन हजार का देतोय, एवढं तरी तेव्हा मनात यायला हवं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात दारं आली. दिसायला देखणी. सोनेरी-तपकिरी, वर चकाकी. लाकडाची कापलेली टोकं लाल रंगाने रंगवलेली. "टोकं तडकू नयेत म्हणून, ताई." हीसुद्धा खरी पद्धत आहे, वखारीत टोकांना रंग किंवा मेण लावतात. पण साग ओळखायचा तर टोकच बघावं लागतं: तिथे वर्षावर्षाची कडी दिसते, आणि प्रत्येक कडीच्या सुरुवातीला टाचणीने टोचल्यासारखी मोठी भोकं रांगेने दिसतात. ते नेमकं रंगाखाली. वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का असलेल्या ओंडक्यांचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले, वाहतूक पासाची झेरॉक्स दिली. पास ओंडक्यांचा होता, भलत्याच तारखेचा, आणि त्या ओंडक्यांतून आमची दारं निघाली याचा त्यावर काय पुरावा असणार? मी झेरॉक्स फाइलला लावली.

मृगाचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत पुढचं दार चौकटीत बसेना. आईने दारावरचं पाणी पुसलं तर फडकं तपकिरी झालं. पुसलेल्या जागी एक पांढुरका पट्टा उघडा पडला, वितभर रुंद. श्रावणात खिडकीखाली रोज सकाळी पिठासारखी पूड. गणपतीला मी गेले तेव्हा एका चौकटीच्या पायाशी वाळवीची मातीची नळी चढलेली होती.

वाडीतले सुतारकाका दोन महिने मुलीकडे पुण्याला होते, ते तेव्हा परत आले. सत्तरी उलटलेली, आजोबांच्या घराचं काम त्यांच्या वडिलांनी केलेलं. त्यांना आधी का नाही विचारलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरं तर आहे: गावातला माणूस भाव वाढवून सांगेल असं वाटलं होतं.

त्यांनी दारावरून हात फिरवला, काही बोलले नाहीत. पटाशीने आतल्या कडेचा रंग खरवडला. रंध्याचे दोन हात मारले, निघालेली साल चुरगाळून नाकाला लावली आणि माझ्यापुढे धरली. "वास येतोय?" नाही. मग घरी जाऊन सागाचा एक जुना तुकडा घेऊन आले, त्याची साल काढली. कोऱ्या चामड्याच्या चपलेसारखा वास, आणि बोटांना किंचित मेणचट लागतं. दहा सेकंदांचं काम होतं हो.

"चौकटी सागाच्याच हायत, बाय. पण कोवळा साग. कड्या बघ केवढ्या रुंद. आणि निम्मा पांढरा." पांढरा म्हणजे झाडाच्या सालीलगतचं लाकूड. वाळवीला तोंड लावू न देणारं जे काही असतं ते गाभ्यात. पांढऱ्यात ते नसतं, तो वाळवी आणि भुंगा आवडीने खातात. म्हणजे झाड सागाचं असलं तरी लाकूड सागाच्या गुणाचं असेलच असं नाही. आणि दारांच्या फळ्या? "ह्याचा नाव मला नाय सांगता येणार. भायरचा कायतरी हाय. पण साग नाय."

मग त्यांनी टेप काढला. ठरल्या होत्या चौकटी ५ बाय ३. प्रत्यक्षात साडेचार बाय अडीच. मी म्हटलं, अर्धा इंचच ना. त्यांनी जमिनीवर काडीने लिहून दाखवलं: पाच त्रिक पंधरा, साडेचार गुणिले अडीच सव्वाअकरा. पाव भाग लाकूड आलंच नव्हतं. रंध्यात थोडं जातंच, कापीव, म्हणजे रंध्याआधीच्या मापावर बिल करायचा रिवाजही आहे, पण दोन्ही बाजू मिळून पाव इंच, अर्धा नव्हे. चौकटींच्या १४ घनफुटांतले साडेतीन असे हवेत गेले. १३,३०० रुपये.

त्या माणसाचा फोन लागायचा, तो उचलायचा, गोड बोलायचा, "येतो ताई, रविवारी येतो." दिवाळीनंतर नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिलावर काय लिहिलंय ते विचारलं. मी बिल काढलं. "चौकटी व दारे, १ लॉट." साग हा शब्द नाही, बल्लारशा नाही, घनफूट नाही, जीएसटी नंबर नाही. घनफुटांची सगळी आकडेमोड होती ती आईच्या हातात दिलेल्या कागदावर, आणि तो कागद त्याने पैसे घेताना "हिशेब मिटला" म्हणून परत नेला होता. फळीचा तुकडा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत पाठवून लाकडाची जात कळते, पण जात कळून करू काय? त्याने साग दिला असं कागदावर म्हटलंच नव्हतं.

तेव्हा मैत्रिणीला सांगतेय ते हे: त्याला हाकलून देऊ नकोस, पण आधी गावातला म्हातारा सुतार बोलावून घरातलं लाकूड कुठलं ते खडूने लाकडावरच लिहून घे. आमच्या घरात खांब फणसाचे, तुळया ऐनाच्या, वासे किंजळाचे, चौकटी सागाच्या होत्या, हे मला ते गेल्यावर कळलं. प्रत्येक नग मोज आणि फोटो काढ. नवं लाकूड घ्यायचं तर रंग-पॉलिश न केलेलं, कोरं बघ, टोक तुझ्यासमोर कापायला लाव, बिलावर जात आणि माप दोन्ही लिहून घे. तो चिडला तर चिडू दे. आमचा शेवटपर्यंत चिडला नाही, हे वेगळं. आणि बदल्याचा व्यवहार करूच नकोस. विक्री वेगळी, खरेदी वेगळी, माणसंही वेगळी.

आमच्या दारांपैकी पुढचं दार सुतारकाकांनी या मेमध्ये बदललं. लाकूड विकत घेतलं नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात परसातला फणस पडला होता. काकांनी तेव्हाच तो कापून फळ्या पाडल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर, मध्ये काठ्या घालून, रचून ठेवल्या होत्या. मी त्यांना जळण समजत होते. त्या माणसाने त्याही बघितल्या होत्या, "हे फुकट उचलून नेतो, तुमची जागा मोकळी होईल" म्हणाला होता, आणि मी "न्या" म्हटलं होतं. तुळया भरल्यावर टेम्पोत जागा उरली नाही, म्हणून राहिल्या.

दार अजून हळदीसारखं पिवळं दिसतं. काका म्हणतात, दोन-चार वर्षांत तांबूस होईल. आईला पिवळंच आवडलंय.