डीप फ्रीझरसाठी 2 नंबरचे दुधी रंगाचे डबे

हापूसचा हंगाम संपत आला की आमच्याकडे चाळीसेक किलो आमरस डीप फ्रीझरला जातो, उणे 18 अंशांवर. गेल्या वर्षी त्यासाठी पारदर्शक, दिसायला देखणे डबे आणले होते. श्रावणात एक डबा काढताना हातून निसटला. जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर पडला आणि तळाच्या मधोमध जी बारीक टिकली असते, तिथून चारी बाजूंना तडे गेले. रसात प्लास्टिकचे कण. अख्खा किलो टाकून द्यावा लागला. हाच डबा रिकामा असताना ओट्यावरून कितीदा पडला होता, काही झालं नव्हतं!

भाचा चाकणला मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याला तुकडे दाखवले. "मावशी, डब्यावरच्या खुणेच्या त्रिकोणात 5 आकडा आहे, म्हणजे प्लास्टिक पॉलीप्रॉपिलीन. साधं पॉलीप्रॉपिलीन शून्याच्या आसपास आलं की कडक होतं, दणका पचवत नाही. रबर मिसळलेलं असतं तर टिकलं असतं." ती टिकली म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा, तिथे ताण अडकून राहतो, म्हणून तडा तिथूनच सुटला. त्यांच्याकडे खाच पाडलेल्या पट्टीवर लोलक आपटून किती दणका सोसते ते मोजतात. गार केलेली पट्टी खूप कमी ताकदीत कट्कन तुटते, म्हणाला.

त्याच्या सांगण्यावरून यंदा त्रिकोणात 2 आकडा असलेले, एचडीपीईचे (जास्त घनतेच्या पॉलीथिलीनचे) एक लिटरचे 40 डबे घेतले. हे प्लास्टिक उणे 100 च्याही खाली जाईपर्यंत काचेसारखं ठिसूळ होत नाही. तरी रस भरण्याआधी मी एका डब्यात पाणी भरून दोन दिवस गोठवलं आणि कमरेच्या उंचीवरून तीनदा पाडलं. एक कोपरा चेपला, तडा नाही. आता दिवाळी झाली, 40 पैकी एकही फुटलेला नाही.

खोट सांगायची तर दुधी रंगामुळे आतला रस दिसत नाही, चिठ्ठी लावावीच लागते. झाकण गारठलं की उघडायला जड जातं. दोन मिनिटं बाहेर ठेवा, सुरी घालू नका. रस आटवला असेल तर पूर्ण निवू द्या, उकळत्या रसाने डबा मऊ पडून वाकडा होतो. आणि वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना रस फुगतो.