कॅन्टीनच्या रांगेत भेटलेले ‘साहेब’

मला गंडवणारा माणूस कुठं भेटला, तर फौजी कॅन्टीनच्या रांगेत. जानेवारी २०२४. मी आदल्या ऑगस्टमध्ये पेन्शन आलो होतो. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेची इंजिनीअर पलटण, १७ वर्षं, नायक. गावाकडं घराचा स्लॅब टाकून झाला होता, पोरगी आठवीत होती, आणि रोज संध्याकाळी पारावर एकच प्रश्न : “मग आता काय करणार?”

फौजीला फौजी ओळखायला वेळ लागत नाही. केस, बूट, उभं राहायची ढब. मागचे गृहस्थ म्हणाले, “राम राम. ग्रुप कुठला?” सुभेदार म्हणून रिटायर झालोय म्हणाले, म्हणजे आमच्यासाठी ‘साहेब’. पाच मिनिटांत खडकीच्या ट्रेनिंगवर आलो, दहाव्या मिनिटाला नोकरीवर. “गेटवर बारा तास उभं राहून चौदा हजार घेणार काय, साहेब? तुम्ही आयुष्यभर सेफ्टीच केलीय. डेटोनेटर हाताळलेत. तुम्हाला फक्त कागद नाही.”

हे वाक्य मी तेव्हा तीनचार वेळा मनात घोळवलं. सुरुंग पेरणं, काढणं, डेमोलिशनच्या आधी अंतर मोजणं, मिसफायर झाला तर ठरलेला वेळ थांबल्याशिवाय कुणाला पुढं न सोडणं, हे सगळं मी केलेलं होतं. मग मी सेफ्टी ऑफिसर नाही तर कोण? आपल्याला आपल्याबद्दल जे आधीच वाटत असतं तेच समोरच्यानं बोलून दाखवलं, की पुढचं त्याला फार बोलावं लागत नाही.

खात्री मी केली नाही असं नाही. त्यांच्या युनिटमधल्या एकाला फोन लावला. “हो, होते की आमच्याकडं, चांगला माणूस,” असं उत्तर आलं. एवढी एकच खात्री मी केली आणि ती खरी निघाली. माणूस खरा फौजी होता. खोटं होतं ते बाकी सगळं.

त्यांचं ऑफिस कोल्हापूरला राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. आत शिवाजी महाराजांचा फोटो, तिरंगा, एका भिंतीवर फ्रेमच फ्रेम. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असं मोठ्या अक्षरांत, खाली एक लांबलचक नंबर. तो उद्यम नोंदणीचा नंबर होता. पिठाची गिरणी काढली तरी तो मिळतो, घरबसल्या, फुकट. शेजारी आयएसओ ९००१. त्याचा अर्थ संस्थेच्या कारभाराची पद्धत तपासलीय. कोर्सला मान्यता आहे असा तो अर्थ होत नाही. हे आज सांगतोय. त्या दिवशी मला भिंत भरलेली दिसली आणि बरं वाटलं.

कोर्सचं नाव ‘डिप्लोमा इन फायर अँड इंडस्ट्रियल सेफ्टी’. मुदत एक वर्ष, पण माजी सैनिकांना दीड महिना, “कारण तुमचा अनुभव धरतो आम्ही.” फी ६५,०००. मी विचारलं, मी बारावी पास, चालेल का? त्यांनी माझ्या फाइलमधून आर्मीचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. “हे काय आहे मग? तुम्ही ग्रॅज्युएट आहात.”

इथं जरा थांबतो, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण इथंच घसरतात. दहावी पास आणि पंधरा वर्षं सर्व्हिस असेल तर मिळणारं ते सर्टिफिकेट सरकारी ‘क’ गटातल्या काही पदांसाठी पदवीच्या जागी चालतं, तेही तांत्रिक शिक्षण लागत नसलेल्या पदांना. ती फिजिक्सची पदवी नव्हे, केमिस्ट्रीची नव्हे, इंजिनीअरिंगची तर नव्हेच. आणि कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरला नेमकं तसलं शिक्षण लागतं. घरी आल्यावर बायकोनं पावती बघितली. “सही आहे, पण खाली नाव कुणाचंच न्हाई.” मी म्हटलं, आपलाच माणूस आहे.

वर्ग रविवारी. बावीस जण, त्यातले चौदा फौजी, बाकी आयटीआयची पोरं. शिकवायला कुणीतरी तरुण मुलगा, तो पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवायचा. एकदा अग्निशामकाचं प्रात्यक्षिक होतं. टेरेसवर एकच लाल सिलिंडर, एबीसी पावडरचा. मी सवयीनं आधी गेज बघितला : सुई हिरव्यातून खाली उतरून लाल पट्ट्यात. पिनेचं सील तुटलेलं. तपासणीच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २०१९. मी म्हटलं, “सर, ह्यात प्रेशर नाही.” तो म्हणाला, “डेमोपुरता आहे, काका. पिन ओढायची, मुळावर धरायचं, एवढं लक्षात ठेवा.” मग आम्ही एकेक जण पुढं होऊन रिकामा सिलिंडर न पेटलेल्या आगीवर धरून फोटो काढून घेतले. माझा फोटो त्यांच्या नंतरच्या पत्रकावर छापून आला.

पलटणीत कुणी असा सिलिंडर लावला असता तर मी त्याला पाठीवर पिठ्ठू घेऊन पळवला असता. इथं मी गप्प बसलो. पैसे भरलेले असले की डोळ्यांना दिसलेलं मन मानत नाही.

परीक्षेला उत्तरं फळ्यावर होती. मार्चअखेर सर्टिफिकेट मिळालं, होलोग्राम लावलेलं. त्याच दिवशी कळलं की हे ‘इंडियापुरतं’ आहे, बाहेर जायचं तर नेबॉश पाहिजे, आणि ते २५,००० रोख भरले की “परीक्षेविना करून देतो.” नेबॉश ही १९७९ पासूनची ब्रिटनची परीक्षा संस्था, लेस्टरला मुख्यालय. तिच्या इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेटला पदवी लागत नाही हे खरं आहे, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना ते दाखवून जाळ्यात ओढता येतं. पण त्यात उघड्या पुस्तकाचा लेखी पेपर असतो, तो तुम्हीच लिहिलाय ना हे तपासायला नंतर ऑनलाइन तोंडी मुलाखत असते, आणि दुसऱ्या भागात खऱ्या कामाच्या जागेचं रिस्क असेसमेंट स्वतः करावं लागतं. मला दुबईतल्या एका गोदामाचं तयार असेसमेंट दिलं होतं, नाव तेवढं माझं घालायचं. दुबई मी आजतागायत पाहिलेली नाही. हातात आलेल्या कागदावर मधल्या ओळीत बारीक अक्षरात होतं, ‘नेबॉश अभ्यासक्रमावर आधारित’. सोबत खिशात ठेवायचं ओशाचं कार्ड फुकट. ओशा अमेरिकेच्या कामगार खात्याची आहे, आणि तिचं तीस तासांचं कार्ड म्हणजे प्रशिक्षणाला बसल्याची पोच, परवाना नव्हे. हे ती संस्था स्वतःच सांगते. माझं कार्ड तर तिचंही नव्हतं.

तिसरा हप्ता सौदीचा. साडेपाच हजार रियाल पगार, ऑफर लेटर आलं ते फुकटातल्या ईमेल खात्यावरून. प्रोसेसिंगचे ४०,०००, पैकी २५,००० यूपीआय, १५,००० हातात. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. दोन मिनिटांचं काम होतं बघायचं. व्हिसा “पुढच्या आठवड्यात” असं जूनपर्यंत चाललं. ह्या भागाबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही.

मला शुद्ध आली ती एका फाउंड्रीत. मामेभावाच्या ओळखीनं पंचतारांकित एमआयडीसीत भेटायला गेलो. तिथले सेफ्टी ऑफिसर पन्नाशीचे, कोल्हापूरचेच. त्यांनी माझं सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटलं, परत सरळ केलं. “हे एमएसबीटीईचं नाही.” म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचं. मी म्हटलं, सरकारमान्य आहे. ते म्हणाले, “कुठल्या सरकारनं, कुठल्या पदासाठी मान्य केलंय?”

मग त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ४०-ब : हजार किंवा जास्त कामगार असतील, किंवा धोक्याची प्रक्रिया म्हणून सरकारनं अधिसूचना काढली असेल, तिथं सेफ्टी ऑफिसर नेमायचा. फाउंड्री कायद्याच्या धोक्याच्या यादीत होतीच, म्हणजे साहेबांचं ‘कोल्हापूरला डिमांड आहे’ हे अर्धं खरं होतं. पण तो कोण असावा हे महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत होतं : तांत्रिक किंवा विज्ञानाचं शिक्षण, कारखान्यात सुपरवायझर म्हणून काही वर्षांचा अनुभव, सरकारनं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षा पदविका, आणि कामगारांची भाषा यायला पाहिजे. “ह्यातलं तुमच्याकडं शेवटचं आहे,” ते हसून म्हणाले. ती पदविका आपल्याकडं तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्य संस्थेत होते, पूर्ण एक वर्ष. नाहीतर मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट.

वाईट वाटू नये म्हणून असेल, ते मला भट्टीकडं घेऊन गेले. इंडक्शन फर्नेस, आत चौदाशे अंशांच्या वर तापलेलं लोखंड. बघितलं की डोळ्यांपुढं हिरवं तरळतं. चार्जिंगच्या फलाटावर भंगाराचा ढीग. आदल्या रात्री वळीव झाला होता. ढिगात एक वीतभर पाइप, दोन्ही तोंडं ठोकून बंद झालेली. मी बोट दाखवलं. बंद पाइपमध्ये पाणी राहिलं आणि तो रसात पडला तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड छतापर्यंत उडतं. आमच्या भाषेत तो स्फोटच. त्यांनी लगेच सुपरवायझरला हाक मारली, पाइप बाजूला काढायला लावला, आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, “डिस्चार्जच्या आधी डीजीआरचा कोर्स का नाही केला हो?”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. डीजीआर म्हणजे माजी सैनिकांचं पुनर्वसन महासंचालनालय. त्याचे कोर्स जवानांना आणि जेसीओंना मोफत असतात, इंडस्ट्रियल सेफ्टीचेही झालेले आहेत. युनिटमध्ये ती यादी नोटीस बोर्डावर लागलेली मी बघितली होती. पण घरचं बांधकाम काढलं होतं, सुट्टी पाहिजे होती. जे फुकट होतं ते सोडलं आणि १,३०,००० देऊन रिकामा सिलिंडर धरला.

पैशाचं सांगतो. पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी कागद मागितले आणि रोख दिलेल्या ४०,००० चा माझ्याकडं चिटोराही नव्हता. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या नंबरला फोन केला तो तीन महिन्यांनी. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तरच खातं गोठवायला काही उरतं. शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, वकील नसला तरी चालतं, दोन वर्षांच्या आत जायचं. मी आधी नोटीस पाठवली, सोबत यूपीआयच्या नोंदी, पत्रकाचा फोटो, ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेले त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज. आठवड्यात साहेबांचा फोन. “आपण एका घरातली माणसं, कोर्टात कशाला?” ४५,००० परत देतो, पुढं काही करायचं नाही असं लिहून द्या. मी दिलं. काही वर्गमित्रांना ते आवडलं नाही, लढायला पाहिजे होतं म्हणाले. असेल. त्यांच्यातल्या एकानंही स्वतःची नोटीस पाठवली नाही. त्यांना अजून साहेबांना दुखवायचं नाही.

आता मी एका बांधकामाच्या साइटवर सेफ्टी सुपरवायझर आहे, ठेकेदाराकडं, १९,००० वर. सकाळी पोरांचे हार्नेस बघतो, परांचीच्या कपलिंगा हातानं हलवून बघतो, नवीन माणसाला कामाला लावायच्या आधी पाच मिनिटं उभं करून सांगतो. हे काम मला येतं. ऑफिसरचा कागद लांब आहे. नेबॉशच्या फीसाठी पैसे बाजूला टाकतोय, या वेळी शिकवणारी संस्था नेबॉशच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या यादीतूनच निवडलीय.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाली. तिच्यात सेफ्टी ऑफिसरसाठी कारखान्याची अट हजारावरून पाचशेवर आली, धोक्याच्या ठिकाणी आणि बांधकामाला अडीचशे. पत्रकं लगेच सुरू झाली. गेल्या महिन्यात त्याच कॅन्टीनच्या रांगेत आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा भेटला, नुकताच पेन्शन आलेला. खिशातून गुळगुळीत कागद काढला : ‘नवा कायदा, नवी संधी, माजी सैनिकांना खास सवलत.’ संस्थेचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा. फोटो मात्र माझाच, टेरेसवर, लाल सिलिंडर धरलेला.

“दादा, हे तुम्हीच न्हवं?”

मी त्याला म्हटलं, फोन लाव आणि एकच विचार, तंत्रशिक्षण मंडळानं तुमच्या संस्थेला दिलेला कोड काय. त्यानं तिथंच रांगेत उभ्या उभ्या स्पीकरवर लावला. पलीकडून आवाज आला, ओळखीचा :

“राम राम साहेब. ग्रुप कुठला तुमचा?”