बायोफीडबॅक की सेक्रल स्टिम्युलेटर: बिलाच्या कोडांवरून निवड

शौचावरचा ताबा सुटण्याच्या त्रासावर अमेरिकेत रुग्णालयात दाखल न होता बायोफीडबॅक (यंत्रावर स्नायूंची हालचाल पाहत ते आवळण्याचा सराव) किंवा सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन (कण्याच्या तळाजवळच्या नसेला शरीरात बसवलेल्या यंत्राने सौम्य विद्युत संकेत देणे) घेता येते. या दोहोंतून निवड करताना डॉक्टरांकडून बिलाचे कोड आधीच मागून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. निदानाचा कोड दोन्हीकडे तोच असतो: ताबा पूर्ण गेला असल्यास आर१५.९, कपड्यांना डाग लागत असल्यास आर१५.१ आणि घाई आवरत नसल्यास आर१५.२.

बायोफीडबॅकची आकारणी किती वेळ लागला त्यानुसार होते. २०२० मध्ये जुना ९०९११ हा कोड जाऊन पहिल्या १५ मिनिटांसाठी ९०९१२ आणि पुढच्या प्रत्येक १५ मिनिटांसाठी ९०९१३ आला. त्यामुळे ४५ मिनिटांच्या भेटीत पहिला एकदा आणि दुसरा दोनदा दिसतो. रक्कम लहान असते, पण प्रत्येक भेटीला ती पुन्हा भरावी लागते.

स्टिम्युलेटरचे बिल टप्प्यांनी येते. नसेला संकेत पोचवणारी तार त्वचेतून बसवण्याचा कोड ६४५६१ असून तो आधी तात्पुरत्या चाचणीला आणि नंतर कायमच्या तारेलाही लागू शकतो. ६४५८१ हा चीर देऊन तार बसवण्याचा कोड आहे, म्हणून चीर न देताही तो बिलात दिसला तर अवश्य विचारावे. चाचणीत त्रासाचे प्रसंग निम्म्याने तरी कमी झाले, तरच साधारणपणे ६४५९० खाली यंत्र बसवतात, आणि पुढे यंत्राच्या प्रोग्रामिंगसाठी ९५९७१ किंवा ९५९७२ येत राहतात.

खरा फरक उपचार कुठे घेतला त्यामुळे पडतो. मूळ मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) पार्ट बी मध्ये, म्हणजे बाह्यरुग्ण सेवांच्या भागात, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) भरल्यावर रुग्णाचा वाटा सहसा २० टक्के असतो. मात्र रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका प्रक्रियेसाठी रुग्णालयाला द्यायचा वाटा पार्ट ए च्या (रुग्णालयात दाखल होण्यासाठीच्या भागाच्या) डिडक्टिबलपेक्षा, म्हणजे २०२५ मध्ये १,६७६ डॉलरपेक्षा, जास्त होत नाही. स्वतंत्र शस्त्रक्रिया केंद्राला ही मर्यादा नाही. महागड्या यंत्राच्या बाबतीत त्यामुळे एरवी स्वस्त वाटणारे केंद्र, पूरक विमा नसलेल्या रुग्णाला महाग पडू शकते. सर्जनची फी दोन्हीकडे याशिवाय वेगळी भरावी लागते.

घोट्याजवळ सुई लावून नस उत्तेजित करण्याचा, ६४५६६ कोडचा पर्याय मी मागे ठेवेन, कारण २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत तो लुटुपुटुच्या उपचारापेक्षा लक्षणीय सरस ठरला नाही. ज्यांनी अजून काहीच केलेले नाही, त्यांनी आधी बायोफीडबॅक घ्यावे. त्याने भागले नाही तर स्टिम्युलेटरच्या पूर्वमंजुरीच्या अर्जात चाचणी आणि यंत्र या दोन्हींचे कोड आहेत का, हे चाचणीपूर्वीच पाहावे.