मधमाशीचं मेण, रेशीमअळीचं तेल: कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पारख

रक्तातली चरबी उतरवायला म्हणून कीटकांपासून काढलेली जी पूरकं विकली जातात, त्यातली दोन इथे तपासली आहेत. मेणाच्या गोळ्या घेऊ नका. रेशीमअळीचं तेल चालेल, पण हिशेब करून.

मेणातलं पॉलिकोसॅनॉल म्हणजे लांब साखळीच्या अल्कोहोलांचं मिश्रण. त्याचं नाव झालं ते क्यूबात, उसाच्या मेणामुळे. २००६ साली जर्मनीत १४३ रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली: काहींना रोज १० ते ८० मिलिग्रॅम क्यूबन पॉलिकोसॅनॉल, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, त्याचा परिणाम नुसत्या गोळीइतकाच निघाला. शिवाय या अल्कोहोलांपैकी उसाच्या मेणात ऑक्टाकोसॅनॉल जास्त, तर मधमाशीच्या मेणात ट्रायकोंटॅनॉल. डबीवर नाव एकच असलं तरी आतला माल निराळा. उसाचे जुने आकडे दाखवून मेणाची गोळी कुणी विकत असेल, तर ती फसवणूकच.

रेशमाचं तसं नाही. कोष उकळून धागा काढला की आतला प्यूपा, म्हणजे कोशातली अळी, उरतो. त्याच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे जवसातलंच ओमेगा-३, साधारण ३० ते ४० टक्के असतं. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून म्हणजे १७५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळालं. एक छोटा चमचा, अडीच ग्रॅम जवसाची पूड घेतली तर तेच ५५० मिलिग्रॅमपर्यंत जातं. तीन कॅप्सूलचं काम एका चमच्यात, तेही शाकाहारी. जवस मात्र कुटूनच खा. अख्खा दाणा बराचसा न पचता निघून जातो. डबीवर फक्त 'तेल ५०० मिग्रॅ' असेल आणि आम्लाचा आकडा नसेल, तर ती परत ठेवा.

एक मर्यादा रेशीमअळीचं तेल आणि जवस दोन्हींना आहे. हे आम्ल शरीरात ईपीए-डीएचएमध्ये, म्हणजे माशांच्या तेलातल्या ओमेगा-३मध्ये, फार थोडं बदलतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २० ते ३० टक्के उतरवायला ईपीए-डीएचए रोज ४ ग्रॅम लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

असं तेल हवा, उजेड आणि उष्णता लागली की खवट होतं. डबी उघडली की एक कॅप्सूल टाचणीने टोचून वास घ्या. जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास आला तर सगळी टाकून द्या. चांगली निघाली तर फ्रीजमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवा.

कोळंबीची ॲलर्जी असेल तर रेशीमअळी टाळा. दोन्हींतली प्रथिनं मिळतीजुळती असतात आणि तेल नीट शुद्ध केलेलं नसेल तर ती आत राहू शकतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची डॉक्टरांनी दिलेली गोळी, चालू असेल तर ती बंद करू नका. उपयोग होतोय का ते पाहायचं तर आधी १२ तास उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करा, १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. मधल्या काळात आहार बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. ट्रायग्लिसराइड ५०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर मात्र कॅप्सूलच्या भानगडीत न पडता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, कारण त्या पातळीला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.